खाजनांचा धडा

भूमी आणि जल यांची व्यवस्था कशी असावी, हा प्रश्न आज सर्वत्र चर्चिला जात आहे. कायदे होतात, नकाशे निघतात, समित्या बसतात. परंतु ज्या भूमीविषयी निर्णय घ्यावयाचा, तिच्यावर पिढ्यान् पिढ्या राबलेल्या माणसाला विचारण्याची पाळी बहुधा सर्वांच्या शेवटी येते. हा क्रम उलटा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. विचारणे आधी आणि ठरविणे नंतर, हा धडा गोमंतकातील खाजनांनीच आपल्याला दिला आहे.

तेरेखोल, शापोरा किंवा मांडवी यांच्या काठी राहणाऱ्या विद्यार्थ्यांस खाजन म्हणजे काय, हे सांगावयास नको. भरतीच्या पातळीहून सखल अशी ही शेतजमीन. नदीचे खारे पाणी आत येऊ नये म्हणून तिला मातीचा आणि चिऱ्यांचा बांध असतो. बांधात मानस आणि मानशीला लाकडी दारे. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ती मिटतात. ओहोटी लागली की आतले पाणी त्यांना लोटून बाहेर पडते. आत ‘पोंय’ म्हणून पाण्याचा साठा राखलेला असतो. तो जादा पाणी पोटात घेतो आणि मासळीही पोसतो. पावसाने जमिनीतील क्षार धुऊन गेले की कोरगुटासारखे खारेपणा सोसणारे भात पेरावयाचे. बांधाबाहेरची खारफुटी लाटांचा मार आपल्या अंगावर घेते. या रचनेत इंजिन नाही, इंधन नाही. आहे ती पाण्याच्या स्वभावाची पक्की ओळख.

ही विद्या कोणा एका पंडिताची नव्हे. गावडा, कुणबी इत्यादी कष्टकरी समाजांच्या हातांनी ती घडली आणि गावकरी संस्थेच्या नियमांनी टिकली. पोर्तुगीज अधिकारी अफोन्सो मेशिया याने १५२६ साली तिसवाडीतील गावकऱ्यांच्या रूढी व हक्क लिहून काढले. त्यामागे महसुलाचा स्वार्थ होता, हे उघड आहे. तथापि परक्या सत्तेलाही कारभार करण्यापूर्वी गावाची रीत जाणून घ्यावी लागली. मग स्वकीयांच्या राज्यात ती जाणून घेण्याचा कंटाळा का असावा?

गोवा १९६१ साली मुक्त झाला. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची त्याची दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला जमिनीचा मालक केले. हे न्याय्यच झाले. परंतु जमीन घरोघर वाटता येते, बांध वाटता येत नाही. तो सर्वांचा असतो, नाहीतर कोणाचाच नसतो. कुळांच्या संघांवर बांधांची जबाबदारी आली खरी, पण अनेक ठिकाणी जुनी शिस्त तिच्याबरोबर आली नाही. बांधाला एक खांड पडले की खारे पाणी शेतात शिरते आणि पीक बुडते. दुरुस्ती लांबली तर शेतातच खारफुटी वाढते, आणि मग तिला कायद्याचे संरक्षण असल्यामुळे ते शेत पुन्हा कसणे आणखीच अवघड होते. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेने गोव्यातील खाजनांचे नकाशे करावेत असे सांगितले, ते योग्यच आहे. मात्र कोणत्या मानशीवर कोणत्या शेताचा निचरा अवलंबून आहे, हे त्या शेतात उतरलेला माणूसच सांगू शकेल.

आपल्या लोकांनी भातजमिनीला मोरड, खेर आणि खाजन अशी वेगवेगळी नावे दिली. वरची, मधली आणि खालची जमीन त्यांनी ओळखली, ती पाण्याच्या वाटेवरून. वर जे घडते, ते खाली उतरते. डिचोली तालुक्यात लोहखनिजाच्या खाणींनी अनेक घरांच्या चुली पेटविल्या, हे नाकारता येत नाही. परंतु त्याच खाणींच्या ढिगाऱ्यांवरील माती पावसाबरोबर ओहोळांत आणि शेतांत आली, आणि खोल खड्ड्यांतील पाणी उपसल्याने विहिरी आटल्याच्या तक्रारी झाल्या. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबविल्या, तोपर्यंत शेतकऱ्याचे गाऱ्हाणे कोणी पुरते ऐकले होते काय? पेडण्यातील मोपा पठारावरील विमानतळाचा पर्यावरण परवाना मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने स्थगित करून फेरविचारास पाठविला. जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली आणि जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. विमानतळ हवा की नको, हा वाद येथे नाही. पठारावर मुरलेले पाणी पायथ्याच्या झऱ्यांतून वाहते. म्हणून पायथ्याच्या लोकांचे म्हणणे न्यायालयाची पायरी चढण्यापूर्वीच ऐकले जावे, एवढेच मागणे आहे.

कोणी म्हणेल, जुने ते सगळे सोने आहे काय? मुळीच नाही. जुन्या गावकरीत स्त्रियांना आणि भूमिहीनांना शब्द नव्हता. समुद्राची पातळी वाढत असताना केवळ पूर्वजांच्या अनुभवावर विसंबणेही शहाणपणाचे ठरणार नाही. शास्त्र हवेच. परंतु शास्त्रज्ञाने आणि शेतकऱ्याने एकाच चटईवर बसून विचार करावा, आणि त्या बैठकीत गावडा-कुणबी बंधूंना व शेतात कष्टणाऱ्या भगिनींना मानाचे स्थान असावे. २००३ साली गावडा, कुणबी व वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. सवलतींबरोबर त्यांच्या ज्ञानालाही दर्जा मिळाला पाहिजे.

विद्यार्थी मित्रहो, हे काम तुमच्यापासून सुरू होऊ शकते. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावोगावी लोकांची जैवविविधता नोंदवही असावयाची आहे. येत्या सुट्टीत आपल्या आजोबा-आजीजवळ बसा. गावातील झरे, मानशी, बांध आणि भाताच्या जाती यांची नावे विचारून वहीत उतरवा आणि ती वही पंचायतीला द्या. मानस कोण उघडी व केव्हा उघडी, हे सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत. ती आहेत तोवरच विचारून घ्यावे.