बोरी भरली तेव्हा

बोरी धरण भरलं की आमच्या लोहाऱ्यात दोन दिवसांत बातमी पोचते. कुणी नळदुर्गहून आलेला पाहुणा सांगतो, कुणी मोबाईलवर चित्रफीत पाठवतो. मग घरोघरी एकच विषय, "नर-मादी सुरू झाले, चला." यंदा आमच्या घरातही हा विषय निघाला. निघतो दरवर्षीच. जाणं मात्र होत नाही. कधी परीक्षा, कधी सोयाबीनची काढणी, कधी कुणाचं लग्न. आणि खरं कारण सांगायचं तर आमच्या घरात अजून अशी समजूत आहे की बायकांनी घराबाहेर पडायचं ते लग्नाला, दवाखान्याला किंवा मयतीला. नुसतं पाणी बघायला जाणं ही चैन.

ही समजूत कुठून आली ते आम्हाला ठाऊक नाही, पण दीनमधून ती आलेली नाही एवढं नक्की. प्रवासात काफिल्याला पुढं जायला सांगून प्रेषितांनी (स.) हजरत आयेशांबरोबर (रजि.) धावण्याची शर्यत लावली होती. एकदा त्या जिंकल्या आणि पुढं कधीतरी प्रेषित (स.) जिंकले, तेव्हा त्यांनी हसून मागच्या शर्यतीची फिट्टंफाट झाली असं म्हटलं. ही हदीस आम्ही वाजतगाजत सांगतो. मात्र घरातल्या बाईनं "मलाही न्या" म्हटलं की आम्हाला गाडीचं भाडं आठवतं.

असो. या रविवारी फज्र पढून आम्ही अकरा जण एका क्रूझरमध्ये बसलो. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, उकडलेली अंडी, तळलेल्या मिरच्या आणि दोन थर्मास चहा. मोठ्या वहिनींनी रात्री बारापर्यंत भाकरी थापल्या, म्हणजे त्यांची सुट्टी अशी अर्ध्यातच संपली. परत जाऊ तेव्हा बन-मस्का न्यायचा, असं सर्वानुमते ठरलं आहे.

लोहाऱ्याहून अचलेर, जळकोट करत नळदुर्ग. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी तूर आणि सोयाबीन, सकाळच्या उन्हात ओलं हिरवं. हेच रान 2023 मध्ये कसं होतं ते आम्ही विसरलेलो नाही. त्या वर्षी ऑक्टोबरअखेर सरकारनं राज्यातले 40 तालुके दुष्काळग्रस्त म्हणून जाहीर केले, त्यात आपल्या जिल्ह्यातले तीन होते: वाशी, धाराशिव आणि लोहारा. त्याआधी 2016 साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आमच्या घरात रात्री झोपताना सूरह मुल्क पढायचा रिवाज आहे. तिच्या शेवटच्या आयतीत विचारलं आहे की तुमचं पाणी जमिनीत खोल उतरून गेलं तर वाहतं पाणी तुम्हाला कोण आणून देईल. पुण्या-मुंबईच्या माणसाला ही आयत कशी ऐकू येत असेल कोण जाणे. टँकरपाशी घागर घेऊन उभं राहिलेल्या माणसाला ती थेट स्वतःला विचारल्यासारखी वाटते.

नळदुर्गच्या दरवाजात तिकीट काढून आम्ही आत गेलो. अब्बांनी मुलांना इतिहास सांगायला सुरुवात केली. ते निवृत्त शिक्षक, त्यामुळं त्यांना थांबवणं कठीण. पण या किल्ल्याचा इतिहास सांगण्याजोगा आहे खरा. आज दिसतो तो दगडी तट विजापूरच्या पहिल्या अली आदिलशहाच्या काळातला. बोरी नदीच्या एका अंगाला मुख्य किल्ला, दुसऱ्या अंगाला रणमंडळ, आणि दोहोंना जोडणारा नदीवरचा बंधारा. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळात 1613 साली मीर इमादीन नावाच्या बांधकाम करणाऱ्यानं या बंधाऱ्याच्या पोटातच महाल बांधला. हाच पाणीमहाल. त्याचं नाव तिथल्या फारसी शिलालेखात आहे. बंधाऱ्यावरून पाणी उतरायला दोन सांडवे, एक नर आणि एक मादी. वरचं बोरी धरण भरून सांडलं की हे दोन्ही धो धो वाहतात. महालात बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून आणि खिडकीसमोरून नदी जाते, आणि तो कोरडा.

मुलांना कोरडा हा शब्द फार आवडला नाही. त्यांना भिजायचं होतं.

एक गोष्ट अब्बांनी मुलांना सांगितली नाही, आम्हीच इथं सांगतो. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौजा सोलापूरकडून निजामाच्या मुलखात शिरल्या तेव्हा पहिल्याच दिवशी नळदुर्गचा किल्ला आणि बोरीवरचा पूल त्यांच्या ताब्यात आला. पुढच्या दिवसांत आपल्या जिल्ह्यातल्या गावागावांत काय झालं त्याच्या गोष्टी आमच्या घरात कमी सांगितल्या जातात आणि हळू आवाजात. या रस्त्यानं आमच्या घरची माणसं हौसेनं का जात नसत, याला ते एक कारण असावं.

अम्मींचं कारण मात्र वेगळं होतं.

बंधाऱ्यापर्यंत त्या सगळ्यांबरोबर चालत आल्या. पाण्याचा आवाज आधीपासून येत होता, जवळ गेल्यावर तो पायांतून वर चढू लागला. तुषार तोंडावर येत होते. मुलं ओरडत पुढं पळाली. पाणीमहालात उतरायच्या पायऱ्यांशी अम्मी थांबल्या आणि म्हणाल्या, "तुमी जाव. मैं इधरीच बैठती."

आम्हाला कळलं. बहुतेक वाचकांनाही कळेल, या भागातले असतील तर. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली 52 गावं त्या पहाटे जमीनदोस्त झाली. अम्मी त्या रात्री सास्तूरला खालाजानच्या घरी होत्या. आमचा धाकटा भाऊ आठ महिन्यांचा, उकाड्यानं रडत होता म्हणून त्याला घेऊन त्या अंगणात बाजेवर येऊन पडल्या. आत खालाजान आणि त्यांची दोन मुलं. घर या भागात असतं तसं, तीन तीन फूट जाडीच्या भिंती, गोटे मातीच्या गाऱ्यात रचलेले, वर माळवद. माळवदावर दरसाल पावसाळ्याआधी नवी माती टाकायची, म्हणजे वर्षानुवर्षं डोक्यावरचं ओझं वाढत गेलेलं. ते सगळं एका मिनिटाच्या आत खाली आलं.

त्यानंतर अम्मी दगडी घरात झोपल्या नाहीत. आधी वर्षानुवर्षं पत्र्याच्या खोलीत. नंतर भावानं सिमेंट-लोखंडाचं घर बांधलं, तरी त्यांची खाट दारापाशी. आणि त्या रात्रीबद्दल एक शब्द नाही. आम्हाला जे ठाऊक आहे ते अब्बांकडून.

आम्ही त्यांच्याजवळ थांबलो, बाकीचे खाली गेले. अम्मी बऱ्याच वेळ बंधाऱ्याच्या भिंतीकडं बघत बसल्या. मग उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि दोन दगडांच्या सांध्यात नखानं खरवडू लागल्या. काही निघालं नाही.

"माटी नै," त्या म्हणाल्या. "चुना है."

तेच तर. घडीव दगड, एकमेकांत बसवलेले आणि चुन्यात पक्के केलेले. चारशे वर्षांचे पूर या भिंतीवरून गेले, 1993 चा धक्काही हिनं सोसला. सास्तूरला पडलं ते दगडामुळं नव्हे. गोल गोटे, चिखल आणि डोक्यावरचं वजन यांमुळं पडलं. हे आम्ही त्यांना कितीदा तरी सांगितलं असेल. पण सांगितलेलं वेगळं आणि स्वतःच्या नखाला कळलेलं वेगळं.

तेवढ्यात आमची अकरा वर्षांची पुतणी धापा टाकत वर आली आणि दादीचा हात धरून ओढू लागली. अम्मी दोन पायऱ्या उतरल्या, थांबल्या, आणखी उतरल्या. आम्ही मागं होतो. खाली खिडकीसमोर पाण्याचा पडदा, त्यातून उन्हाचा उजेड हलत येत होता आणि आतला गारवा अंगाला झोंबत होता. बोलायचं तर कानाला तोंड लावूनच. अम्मी चौकटीत उभ्या राहिल्या. आत गेल्या नाहीत. एक हात भिंतीवर, ओठ हलत होते. पाच मिनिटं असतील. मग त्या वळल्या आणि भराभर वर आल्या, इतक्या भराभर की गुडघ्यांचं दुखणं त्यांना आठवलंही नसावं.

वर सतरंजी टाकून आम्ही भाकरी सोडल्या. अब्बांनी सोबतच्या तांब्यातल्या पाण्यानं वुजू केला आणि चाश्तच्या दोन रकाती पढल्या. समोर अख्खी नदी वाहत असताना एवढं बेतानं पाणी का, असं पुतण्यानं विचारलं. वाहत्या नदीकाठी बसूनही वुजूचं पाणी उधळायचं नाही ही शिकवण घरोघरी सांगितली जाते. अब्बांनी तीच सांगितली. मग समोरचं पाणी दाखवून सूरह बकराची एक आयत समजावली. माणसांची मनं दगडासारखी, किंबहुना दगडाहून कठीण होतात. कारण दगडांपैकी काहींतून तर झरे फुटतात, काही दुभंगतात आणि त्यांतून पाणी येतं, आणि काही अल्लाहच्या भयानं खाली कोसळतात.

पुतणी भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत होती. तिनं विचारलं, "मग सास्तूरचे दगड पण अल्लाहच्या भीतीनं पडले का? बडी नानीवर?"

कुणीच काही बोललं नाही. वहिनींनी तिला डोळ्यांनी दटावलं. उगीच दटावलं असं आम्हाला वाटतं, कारण प्रश्न योग्य होता आणि तो घरात तीस वर्षं कुणी विचारला नव्हता.

अम्मीच बोलल्या. खालाजानच्या मातीनंतर पुरशाला आलेल्या एका जाणत्या माणसानं सर्वांसमोर म्हटलं होतं की हा अजाब आहे, गावाच्या गुनाहांचा. अम्मींनी ते ऐकलं. त्यांची बहीण पाच वेळची नमाजी, मुलं सहा आणि चार वर्षांची. कोणता गुनाह? हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला नाही. विचारणं हाही गुनाहच असेल असं त्यांना वाटलं. त्यांना दगडाची भीती वाटते असं आम्ही समजत होतो. त्यांच्या मनात हे होतं.

पुरशाला जाणाऱ्यांनी तोंड उघडण्याआधी थोडा विचार करावा, एवढंच आम्ही म्हणतो. ज्याच्या घरात मयत झाली आहे त्याच्यापाशी आपण बोललेलं वाक्य आपण संध्याकाळपर्यंत विसरतो. तो विसरत नाही.

अब्बांनी हातातला चहाचा पेला खाली ठेवला. इतिहास सांगतात तशा आवाजात नव्हे, अगदी साध्या आवाजात ते म्हणाले की बुखारी शरीफमध्ये प्रेषितांनी (स.) शहीद कोण कोण ते सांगितलं आहे. ताऊनमध्ये मरणारा, पोटाच्या आजारानं मरणारा, बुडून मरणारा, अल्लाहच्या मार्गात मरणारा, आणि पडत्या बांधकामाखाली दबून मरणारा. "तुझी आपा शहीद आहे," ते म्हणाले. "आणि मुलं तर मासूम. त्यांचा हिशोब कसला?"

अम्मींनी त्यांच्याकडं पाहिलं. "ये मेरे कू किसी ने बोले नै," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "तुमी बी नै बोले."

अब्बांकडं याला उत्तर नव्हतं. आमच्याकडंही नाही. ही हदीस आमच्या घरातल्या कपाटात होती. करोनाच्या दिवसांत आम्हीच ती लोकांना सांगत फिरलो, आजारानं गेलेल्यांच्या घरच्यांना धीर द्यायला. आपल्याच अम्मींना ती सांगावी हे सुचलं नाही, कारण त्यांनी विचारलं नव्हतं.

नंतरचा तासभर नेहमीसारखा गेला. मुलं भिजली, एकाची चप्पल वाहून गेली. बंधाऱ्याच्या कडेवर उभं राहून चित्रफीत काढणाऱ्या पोरांना अब्बांनी शिक्षकी आवाजात खाली उतरवलं आणि ती चक्क उतरली. आजूबाजूला पडलेल्या कागदी पत्रावळी आमच्या मुलींनी आमच्याबरोबर दुसऱ्यांच्याही उचलल्या. अम्मींनी धाकट्या नातीला मांडीवर घेऊन खालाजानच्या गोष्टी सांगितल्या. त्यांना पोहता यायचं, आमराईच्या विहिरीत त्या पाट्यावरून उडी मारायच्या. त्यांचं नाव अम्मींच्या तोंडून आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

दहाच्या सुमाराला ऊन चढलं आणि आम्ही निघालो. गाडीत मुलं एकमेकांच्या अंगावर झोपली. लोहाऱ्याच्या चौकात चालकानं घराकडं वळायला गाडी हळू केली, तेव्हा अम्मींनी पुढं वाकून त्याच्या खांद्याला हात लावला.

"सास्तूर को ले," त्या म्हणाल्या. "जुहर के पहले आ जाते."

वहिनींनी घरी वरणाला फोडणी द्यायची बाकी आहे म्हणून सांगितलं. अब्बा म्हणाले, राहू दे.