चिठ्ठी लिहिण्याआधी

पुण्याचे जिल्हा रुग्णालय नावाने औंधचे, पण ते आहे सांगवीत. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसकट सारे उपचार मोफत झाले. तरीही अतिदक्षता विभागात खाट मिळाली नाही की रुग्ण मुळेचा पूल ओलांडून खासगी रुग्णालय गाठतो, आणि नातेवाईक रात्रीच अनामत रकमेसाठी फोन फिरवू लागतात.

कुठे न्यायचे, हे त्या घराने बहुधा आपल्यालाच, घरच्या डॉक्टरांनाच, विचारलेले असते. चिठ्ठीवर आपण संभाव्य निदान लिहितो, रुग्णालयाचे नाव सुचवतो. पैसे कुठून येणार हे मात्र विचारत नाही. ते विचारणे हा उपचाराचाच भाग आहे, असे आम्हांला ठामपणे वाटते.

ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) कार्ड आहे का? चाकणच्या कंत्राटी कामगाराच्या पगारातून दरमहा 0.75 टक्के कापले जातात, मालक 3.25 टक्के भरतो. तरी आजारपणात ते कार्ड घरीच राहते. 2017 पासूनची वेतनमर्यादा 21,000 रुपयांची. पगार त्यापुढे सरकला की काही काळाने संरक्षण जाते, म्हणजे नुकतीच पगारवाढ मिळालेले घरच उघडे पडते. अशा घराला महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. 2024 पासून तिथे पांढरे रेशनकार्डही चालते, आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. पण यादीतलेच, आणि अंगीकृत रुग्णालयातच. दुसरीकडे दाखल झाल्यावर गावाहून रेशनकार्ड मागवून काय उपयोग?

धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1,80,000 आणि 3,60,000 रुपये. अशा रुग्णाकडून तातडीच्या वेळी अनामत मागता येत नाही. हे नातेवाइकांना माहीत नसते. चिठ्ठीवर तशी एक ओळ लिहा. डॉक्टरांच्या अक्षरातल्या त्या ओळीला प्रवेश-खिडकीवर वजन असते.

आणि कट. रुग्ण पाठवल्याबद्दल घेतलेला पैसा शेवटी त्याच बिलात चढतो. तो घेणाऱ्याने रुग्णाच्या खर्चाची काळजी बोलून दाखवू नये.

आपल्यापैकी अनेकांची छोटी नर्सिंग होम आहेत. नर्सिंग होम नोंदणीच्या 2021 च्या सुधारित नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. ती लावलेली नसतील, तर या आठवड्यात लावा.