गाजर गवत आणि टॉनिकची बाटली

पावसाळ्यात मेहकर तालुक्यातील जानेफळसारख्या गावांची गावठाणे, पडीक राने, रस्त्यांच्या कडा गाजर गवताच्या पांढऱ्या फुलांनी भरतात. त्याच्या परागकणांनी काही मुलांना शिंका व डोळ्यांची खाज सुरू होते. काहींचा दमा बळावतो. मग शेतमजूर आईबाप मजुरीचे पैसे मोडून वनौषधींचे टॉनिक आणि 'शक्तिवर्धक' भुकटी आणतात.

दोष त्यांचा नाही. त्यांच्या काळजीवर नफा उकळणाऱ्या व्यापाराचा आहे. ॲलर्जी ही शक्तीची उणीव नसून निरुपद्रवी कणांवर शरीराने दिलेली अतिरेकी प्रतिक्रिया होय. या बाटल्यांनी ती बरी होते, यास भक्कम पुरावा नाही. पूरक आहाराच्या वेष्टनावर 'औषधी वापरासाठी नाही' असे छापणे २०१६ च्या अन्नसुरक्षा नियमांनीच बंधनकारक केले. वनौषधी म्हणजे निर्धोक, हाही भ्रमच. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत, इंटरनेटवरून घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे पाचव्या हिश्शात शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले.

१९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे परदेशी गवत घरोघरच्या बाटल्यांनी हटणार नाही. फुलण्यापूर्वीच, हातमोजे घालून, ते मुळासकट उपटावे लागते. ग्रामपंचायतीने हे काम रास्त मजुरी देऊन करवून घ्यावे, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ॲलर्जीच्या गोळ्या व दम्याचे पंप बारमाही मोफत मिळावेत, ही मागणी कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत लावून धरावी. मुलांचा श्वास ही साऱ्या गावाची जबाबदारी आहे.