बालपण हिरावायचे, वर अज्ञानी म्हणायचे!

आदिवासी स्त्रीच्या आजारपणाची चर्चा निघाली की दोन शब्द ठरलेले असतात : अज्ञान आणि अंधश्रद्धा. ती उशिरा येते, गोळ्या अर्ध्यावर सोडते, डॉक्टरांपुढे तोंड उघडत नाही. का उघडत नाही, हे कोणी विचारते का?

२०१८ साली डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केंद्र सरकारला अहवाल दिला. त्यानुसार आदिवासींचे सरासरी आयुर्मान ६३.९ वर्षे, सर्वसाधारण लोकसंख्येचे ६७. ही तफावत काही जंगलातल्या हवेने आलेली नाही. ती भूक, विस्थापन आणि ओस पडलेल्या आरोग्यकेंद्रांतून येते. तशीच बालपणीच्या जखमांतूनही येते.

सहा वर्षांची कोरकू वा गोंड मुलगी आश्रमशाळेत येते. आईपासून तुटते. घरची बोली वर्गात चालत नाही. ताप आला तर कपाळावर हात ठेवणारे कोणी नसते. २०१६ साली बुलढाणा जिल्ह्यातील पाळा येथील आश्रमशाळेत मुलींवरील लैंगिक अत्याचार उघडकीला आले. त्याच वर्षी आश्रमशाळांतील मृत्यूंबाबत डॉ. सुभाष साळुंखे यांची समिती नेमावी लागली. अशा व्यवस्थेत वाढलेली बाई दरडावणाऱ्या आवाजाला बिचकते, यात अज्ञान कुठे आले?

बालपणी अत्याचार आणि हेळसांड जितकी जास्त, तितका पुढे हृदयविकार, नैराश्य, व्यसन यांचा धोका जास्त, हे अमेरिकेतील फेलिटी आणि आंडा यांच्या अभ्यासाने १९९८ सालीच दाखवले. कॅनडात दीड लाख मूलनिवासी मुले निवासी शाळांत घातली गेली. मूलनिवासींच्या आजच्या अनारोग्याचे मूळ या शाळांसह सरकारी धोरणांत आहे हे सरकारने कबूल करावे, असे तिथल्या सत्य व समेट आयोगाने २०१५ साली बजावले. आपल्याकडे अशी कबुली कोण मागणार?

‘मग शाळा बंद करायच्या का?’ असे लगेच विचारले जाईल. मुळीच नाही. पाड्यावर शाळा नाही, म्हणून तर आई काळजावर दगड ठेवून मुलीला धाडते. आमची मागणी सरळ आहे. लहान मुलींची शाळा गावातच हवी, बोली जाणणाऱ्या शिक्षिकेसह. अधीक्षिका आणि परिचारिकांची पदे कागदावर नकोत, भरलेली हवीत. प्रत्येक मृत्यूचा जाब ग्रामसभेपुढे द्यावा लागला पाहिजे.

मैत्रिणींनो, लोहाच्या गोळ्यांचे वाटप मोजायला सरकार आहे. या मुलींचे ऐकायला आपण जाऊ या.