मोराचा अडकित्ता

पक्ष्याच्या चोचींतून मीठ पडावें, अशी मीठदाणी हल्लीं बाजारांत मिळते. ‘हा पोरकट खर्च कशाला?’ असें वडीलधारीं विचारतात. आमचें त्यांस नम्रपणें विचारणें असें कीं, आजीच्या मोराच्या आकाराच्या अडकित्त्यानें सुपारी अधिक बारीक कातरली जात होती काय? आमच्या नगरची, म्हणजे 2024 पासूनच्या अहिल्यानगरची, दमडी मशीद पाहा. किल्ल्यावर राबणाऱ्या मजुरांच्या दमडीदमडींतून ती 1567 च्या सुमारास उभी राहिली, असें सांगतात. तरी तिच्या दगडांवर नाजूक नक्षी आहे. दमड्या मोजणाऱ्यांनींही कोऱ्या भिंतींवर समाधान मानलें नाहीं. सौंदर्य ही केवळ श्रीमंतांची चैन नव्हे. सूनबाईंनीं हौसेनें आणलेली वस्तु अडगळींत टाकण्यापूर्वीं वाचकांनीं एवढें ध्यानांत घ्यावें.