कल्याणचा बिशप आणि आमची इतिहासबुद्धी

भिवंडीहून खाडी ओलांडली की लागणारे कल्याण आज रेल्वेचे मोठे जंक्शन म्हणून सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या परदेशी व्यापाऱ्यांसही ते नाव ठाऊक होते, हे थोड्यांच्याच लक्षात असते. ख्रिस्ती धर्म कोकणात प्रथम केव्हा आला, या प्रश्नाचा विचार करू लागताच बंदर म्हणून कल्याणचे नाव पुढे येते. या प्रश्नावर दोन मते वारंवार ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो की, हा धर्म पोर्तुगीजांच्या तोफांबरोबर आला व त्यापूर्वी येथे त्याचे नावही नव्हते. दुसरा म्हणतो की, येशूच्या बारा प्रेषितांपैकी बर्थलमय हा स्वतः कल्याणास आला होता. पहिल्यास बहुधा शेजाऱ्यास परका ठरवावयाचे असते, दुसऱ्यास आपल्या घराण्याची थोरवी सिद्ध करावयाची असते. मूळ लेखात काय आहे हे उघडून पाहण्याची तसदी मात्र दोघेही क्वचितच घेतात.

आमच्या व्यापारी वाचकांस पुराव्याची परीक्षा नव्याने शिकविण्याचे कारण नाही. देण्याघेण्याचा वाद पडला म्हणजे ते खतावणीतील बेरजेवर न थांबता कीर्द मागतात. नोंद कोणाच्या हातची, कोणत्या दिवसाची, प्रत्यक्ष व्यवहाराची की ऐकीव, हे ते आधी विचारतात. इतिहासाचार्य राजवाडे यांनी मराठ्यांच्या इतिहासास हीच कसोटी लावली, आणि मागाहून रचलेल्या बखरीपेक्षा समकालीन अस्सल कागदाचे मोल अधिक, हे महाराष्ट्राच्या मनावर ठसविले. तीच कसोटी ग्रीक व लॅटिन लेखांस लावून पाहू.

बर्थलमयाच्या कथेचा मुख्य आधार युसीबियस या ग्रीक धर्मेतिहासकाराचा आहे. अलेक्झांड्रियाचा विद्वान पँटीनस हा दुसऱ्या शतकाच्या अखेरीस इंडियात गेला व बर्थलमयाने तेथे ठेवलेले मत्तयाचे शुभवर्तमान हिब्रू लिपीत त्यास आढळले, असे तो सांगतो. परंतु हे लिहिताना युसीबियसने 'म्हणतात' या अर्थाचे क्रियापद घातले आहे. घटनेनंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी लिहिणाऱ्या या गृहस्थाने ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच नोंदली, हा त्याचा प्रामाणिकपणा होय. पुढे ३९२-९३ च्या सुमारास जेरोमने तीच हकीकत लॅटिनमध्ये लिहिली. तेथे 'म्हणतात' गळाले आणि त्या देशाच्या वकिलांच्या विनंतीवरून पँटीनसास पाठविले, अशी भर पडली. काही वर्षांनी लिहिलेल्या एका पत्रात तोच जेरोम सांगतो की, ब्राह्मणांमध्ये ख्रिस्ताचा उपदेश करण्यासाठी पँटीनसाची रवानगी झाली होती. नवा साक्षीदार एकही पुढे आला नाही, आणि कथा मात्र तीन पायऱ्या चढली! बखरीत अशीच भर कशी पडत जाते, हे मराठी वाचकास निराळे सांगावयास नको.

दुसरी अडचण 'इंडिया' या शब्दाचीच आहे. त्या काळचे ग्रीक व लॅटिन लेखक हे नाव आपल्या देशास तर देतच, पण दक्षिण अरबस्तान व इथिओपिया यांसही सर्रास लावीत. चौथ्या शतकात फ्रुमेंटियसाने 'इंडियात' धर्मप्रसार केला असे रुफिनस लिहितो. तो देश इथिओपियातील अक्सूम होता, याविषयी आज विद्वानांत वाद नाही. बर्थलमयाचा प्रदेश 'सुखी' म्हणविणाऱ्या इंडियनांचा होता, असे एका ग्रीक लेखात आहे. त्यावरून 'सुखी' म्हणजे 'कल्याण' असा अर्थ बसवून तो प्रेषित येथेच आला, असे प्रतिपादन विसाव्या शतकात झाले. युक्ती चतुर आहे, परंतु 'सुखी' हे विशेषण प्राचीन जग अरबस्तानाच्या दक्षिण भागास लावीत असे, हे विसरून चालत नाही. अलेक्झांड्रिया व आपला किनारा यांमध्ये गलबतांची ये-जा होती, तेव्हा पँटीनसाचे येणे अशक्य नव्हते. पण जे शक्य, ते सर्व घडलेच, असे कोणते न्यायालय मानील?

आता दुसरा लेख पाहू. सहाव्या शतकाच्या मध्यास, म्हणजे सन ५५० च्या आगेमागे, कॉस्मस नावाने ओळखल्या जाणाऱ्या अलेक्झांड्रियाच्या एका व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत ग्रंथ लिहिला. पृथ्वी सपाट असून विश्व एखाद्या पेटीसारखे आहे, असे सिद्ध करण्याचा त्याचा खटाटोप हास्यास्पद आहे. परंतु बंदरे व माल यांविषयी तो बोलू लागला की, त्याची वाणी जाणत्या दुकानदाराची होते. कल्याणहून तांबे, लाकूड व कापड बाहेर जाते, असे तो लिहितो. याच ग्रंथात तो म्हणतो की, कल्याण येथे एक बिशप असून त्याची नेमणूक इराणातून होते. सिंहलद्वीपातही ख्रिस्ती लोक आहेत, मात्र त्यापलीकडे आहेत की नाहीत हे आपणास ठाऊक नाही, असेही तो स्पष्ट कबूल करतो. माहितीची सीमा स्वतःच दाखविणारा असा साक्षीदार विश्वासास पात्र होतो. हे कल्याण म्हणजे उडुपीजवळील कल्याणपूर असावे, असा पक्ष काही विद्वानांनी मांडला आहे. पण सिंध, कल्याण, चौल व त्यानंतर मिऱ्यांचा मलबार हा कॉस्मसच्या यादीतील क्रम आपल्या कल्याणासच अधिक अनुकूल आहे.

यावरून दोन्ही पक्षांचा आग्रह ढासळतो. पोर्तुगीजांस वसई १५३४ साली मिळाली. त्यापूर्वी सुमारे एक हजार वर्षे या खाडीच्या काठी ख्रिस्ती बिशप होता, आणि तो युरोपच्या नव्हे, इराणच्या धर्मपीठाशी जोडलेला होता. तोफा नव्हे, गलबते व माल हीच त्याच्या येण्याची वाट. परंतु या एका वाक्यावरून त्याच्या मंडळीत स्थानिक लोक किती व इराणी व्यापारी किती, हे सांगता येत नाही. मग प्रेषिताच्या आगमनाचा निकाल त्यातून काढण्याची तर गोष्टच नको.

लेख अर्धा वाचण्याचा धोका ठाण्याच्या हकीकतीत अधिकच स्पष्ट दिसतो. १३२१ च्या एप्रिलमध्ये तेथे चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. जॉर्डेनस हा त्यांचा सोबती जवळच्या मुलुखात होता व त्याची लॅटिन पत्रे उपलब्ध आहेत. काही काळाने आलेल्या ओडोरिकाने तीच हकीकत चमत्कारांसह विस्ताराने लिहिली. ओडोरिकाच्या वृत्तांतातील काझीचा प्रसंग तेवढा उचलून मुसलमानांवर आग ओकणे सोपे आहे. पण या सर्वाचा आरंभ नवराबायकोच्या घरगुती भांडणातून झाला, आणि साधूंस मारविणाऱ्या अंमलदारास पुढे दिल्लीच्या सुलतानाने देहदंड दिला, असे तोच वृत्तांत सांगतो. पान उलटण्यापूर्वीच निकाल देणाऱ्यास इतिहासाचा अभ्यासक कोण म्हणेल?

हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. १९७० व १९८४ च्या मे महिन्यांत भिवंडीने जे भोगले, ते आम्ही विसरू शकत नाही. पहिल्या दंगलीची चौकशी न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने केली, तेव्हा त्यांसही एकेक साक्ष तपासूनच सत्याकडे जावे लागले. तीच तपासणी आग लागण्यापूर्वी नागरिकांनी करण्याची सवय लाविली, तर किती घरे वाचतील! शेजाऱ्याचा येथे राहण्याचा हक्क त्याचा धर्म कोणत्या शतकात आला यावर अवलंबून नाही, तो आमच्या राज्यघटनेने सर्वांस सारखाच दिला आहे. म्हणूनच प्राचीन लेख निर्भयपणे व निर्लोभपणे वाचता येतात. त्यांतून काहीही निघाले, तरी कोणाचे काही जाणार नाही.

यास्तव आमची सूचना अशी : कोकणाविषयीचे हे थोडके ग्रीक व लॅटिन उतारे मुळावरून मराठीत उतरवावे, प्रत्येकाखाली लेखक कोण, त्याने केव्हा लिहिले व स्वतः पाहिले की ऐकले, हे नमूद करावे, आणि ते पुस्तक येथील शाळांत व वाचनालयांत ठेवावे. भिवंडीतील धनिकांनी एखाद्या होतकरू विद्यार्थ्याच्या ग्रीक-लॅटिन अभ्यासाचा खर्च उचलावा, मग तो कोणत्याही धर्माचा असो. ज्या गावात रात्रंदिवस माग चालतात, त्या गावास हा खर्च जड नाही. कापड घेताना ताणा व बाणा बोटांनी चाचपून पाहणाऱ्या आमच्या बांधवांनी इतिहास घेतानाही तेवढीच चिकित्सा करावी, एवढीच आमची विनंती आहे.