धुरावाटे जाणारी संपत्ती

डिझेलच्या किमतीवर रान उठवणारे पुष्कळ आहेत. परंतु विकत घेतलेल्या डिझेलचे पुढे काय होते, याची चौकशी क्वचितच होते. इंजिनात जळणाऱ्या इंधनातील सुमारे एक तृतीयांश ऊर्जा उष्णतेच्या रूपाने धुराच्या नळीतून वाया जाते. गरजेच्या ८० टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करणाऱ्या देशाला ही उधळपट्टी परवडणारी नाही.

भिन्न धातूंच्या दोन सांध्यांत तापमानाचा फरक असला की विद्युतप्रवाह वाहतो, हे सीबेक यांच्या १८२१ च्या प्रयोगांपासून ज्ञात आहे. धुराच्या उष्णतेवर अशी वीज निर्माण केल्यास इंजिनावरील तेवढा भार उतरतो. मात्र या जनित्रांची कार्यक्षमता साधारण ५ टक्क्यांच्या आसपास आहे आणि त्यांचे वजन गाडीलाच वाहावे लागते. म्हणूनच खाजगी मोटारीपेक्षा लांब पल्ल्याच्या मालमोटारी व बसगाड्या यांनाच त्यांचा उपयोग अधिक.

प्रत्यक्षात २०१४ ते २०२५ या काळात धुराच्या झोतावर वीज निर्माण करणारे यंत्र फॉर्म्युला वन शर्यतींच्या गाड्यांत धावले. धनिकांच्या करमणुकीला संशोधन मिळाले, एस.टी.च्या प्रवाशाला जानेवारी २०२५ मध्ये मिळाली ती सुमारे १५ टक्के भाडेवाढ!

विजेवरील बसगाड्यांचे स्वागतच आहे. पण डिझेलच्या गाड्या एका दिवसात मोडीत निघणार नाहीत. सार्वजनिक पैशाने होणाऱ्या संशोधनाची पहिली चाचणी सार्वजनिक वाहतुकीत व्हावी आणि त्यातील बचत प्रवासी व चालक-वाहक यांच्या पदरी पडावी, ही मागणी कार्यकर्त्यांनी आगारा-आगारांतून उठवली पाहिजे.